रुग्णनोंद, इलेक्ट्रॉनीय

रुग्णाची ओळख, त्याच्या तक्रारी, पूर्वीचे आजार, तपासणीतील निष्कर्ष, प्रयोगशाळेचे व क्ष-किरण चाचण्यांचे अहवाल, दिलेली औषधे आणि उपचारांचा परिणाम यांची संगणकाच्या साहाय्याने ठेवलेली व एकाच वेळी अनेक ठिकाणांहून वाचता येणारी नोंद. कागदी केसपेपरची जागा ही नोंद घेत असली, तरी तिच्याकडून घेतले जाणारे काम केसपेपरपेक्षा पुष्कळच अधिक आहे. औषधांची मागणी तिच्यातूनच नोंदवली जाते, देयक व विम्याचा दावा तिच्याच आधारे तयार होतो, न्यायालयात ती पुरावा ठरते आणि सार्वजनिक आरोग्याची आकडेवारीही तिच्यातून काढली जाते. इतक्यांची गरज भागवणारा मजकूर बहुतांशी एकाच व्यक्तीला, म्हणजे रुग्णासमोर बसलेल्या डॉक्टरला, लिहावा लागतो. त्यामुळे या नोंदीचा इतिहास हा डॉक्टरच्या वेळेवर कोणाचा किती हक्क आहे, या वादाचाही इतिहास आहे.

पूर्वेतिहास : रुग्णवृत्त लिहिण्याची प्रथा प्राचीन आहे. हिपॉक्राटीझ यांच्या परंपरेतील ‘एपिडेमिक्स’ या ग्रंथाच्या पहिल्या व तिसऱ्या भागांत मिळून ४२ रुग्णांची वृत्ते असून त्यांत तापाचा चढउतार, झोप, लघवीचा रंग इ. गोष्टी दिवसागणिक टिपलेल्या आढळतात. त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्ण दगावले होते आणि लेखकाने ते लपवलेले नाही. इंग्‍लंडमध्ये सायमन फोरमन व रिचर्ड नेपिअर या ज्योतिषी-वैद्यांनी १५९६ ते १६३४ या काळात सुमारे ८०,००० सल्लामसलतींची टिपणे ठेवली. आज ती सामाजिक इतिहासाचे मोठे साधन ठरली आहेत. तथापि ही सर्व वृत्ते लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या उपयोगासाठी होती. दुसऱ्या कोणी ती वाचावीत, अशी अपेक्षा नव्हती.

ती अपेक्षा एकोणिसाव्या शतकातील रुग्णालयांनी निर्माण केली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांनी १८६३ मध्ये रुग्णालयांविषयीच्या आपल्या ग्रंथात तक्रार केली, की तुलनेला उपयोगी पडतील अशा नोंदी जवळजवळ कोठेच मिळत नाहीत. बॉस्टनचे शस्त्रक्रियाविशारद अर्नेस्ट कॉडमन (१८६९–१९४०) यांनी याच्याही पुढे जाऊन प्रत्येक रुग्णाचा अंतिम परिणाम निदान वर्षभराने तपासून कार्डावर लिहावा व तो प्रसिद्ध करावा, असा आग्रह धरला. स्वतःच्या छोट्या रुग्णालयात १९११–१६ या काळात त्यांनी ३३७ रुग्णांमागे १२३ चुका नोंदवल्या व त्या छापूनही टाकल्या. सहव्यावसायिकांना हे रुचले नाही, हे सांगावयास नकोच.

आधुनिक कागदी नोंदीचे स्वरूप ठरवण्याचे श्रेय मात्र मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकचे हेन्री प्लमर (१८७४–१९३६) यांच्याकडे जाते. तोपर्यंत तेथे प्रत्येक डॉक्टरची स्वतंत्र खतावणी असे. एकच रुग्ण तिघांकडे गेला, तर त्याची माहिती तीन वह्यांत विखुरली जाई. प्लमर यांनी १९०७ मध्ये प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक आणि त्या क्रमांकाचे एकच पुडके ही पद्धत सुरू केली. पुडके रुग्णाच्या आधी पुढील डॉक्टरच्या टेबलावर पोहोचावे, म्हणून क्लिनिकच्या इमारतींत वाहक यंत्रणा व पुढे वायुदाबावर चालणाऱ्या नळ्या बसवण्यात आल्या. माहिती रुग्णाबरोबर फिरावी, हे संगणकयुगाचे ब्रीद येथे कागद व नळ्या यांच्या बळावर अमलात आलेले होते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील (अ. सं. सं.) शस्त्रक्रियाविशारदांच्या महाविद्यालयाने रुग्णालयांसाठी किमान मानके ठरवली, अचूक व संपूर्ण नोंदी ठेवणे हे त्यांपैकी एक होते. पहिल्या पाहणीत १०० वा अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांपैकी केवळ ८९ या कसोटीस उतरली. नापास झालेल्यांत देशातील काही नामांकित रुग्णालये असल्याने ती यादी १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलातील भट्टीत जाळून टाकण्यात आली.

वीड यांची सुधारणा : कागदी नोंदी वाढत गेल्या तसा त्यांतील गोंधळही वाढला. लॉरेन्स वीड (१९२३–२०१७) यांना शिकाऊ डॉक्टरांच्या टिपणांत विचारांची शिस्त दिसेना. रुग्णाच्या समस्यांची क्रमांकवार यादी करावी आणि प्रत्येक समस्येखाली रुग्णाचे म्हणणे, डॉक्टरला आढळलेल्या गोष्टी, त्यांवरून काढलेला निष्कर्ष व पुढील योजना असे चार भाग लिहावेत, ही पद्धत त्यांनी १९६८ मध्ये एका प्रसिद्ध लेखाद्वारे मांडली. ती आजही जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवली जाते. वीड एवढ्यावर थांबले नाहीत. माणसाची स्मरणशक्ती वैद्यकाच्या विस्तारापुढे तोकडी आहे, असे त्यांचे ठाम मत असल्याने व्हरमाँट विद्यापीठात त्यांनी पडद्याला स्पर्श करून चालवता येणारी संगणकीय नोंदव्यवस्था उभारली. नोंद ही विचार करण्याचे साधन आहे, हा त्यांचा मूळ मुद्दा होता. पुढील काळातील व्यवस्थांनी त्यांचा आराखडा उचलला, मुद्दा मात्र मागेच राहिला.

संगणकाचा प्रवेश : १९६० नंतरच्या दशकात अ. सं. सं.मध्ये तीन-चार ठिकाणी स्वतंत्र प्रयोग सुरू झाले. बॉस्टनच्या मॅसॅचूसेट्स जनरल रुग्णालयातील ऑक्टो बार्नेट यांच्या प्रयोगशाळेत १९६६–६७ मध्ये ‘मम्प्स’ ही आज्ञावलीची भाषा तयार झाली. तिचे वंशज आजही अनेक रुग्णालयांच्या नोंदव्यवस्थांच्या मुळाशी आहेत. सॉल्ट लेक सिटी येथे होमर वॉर्नर यांनी निदानाला मदत करणारी व्यवस्था उभारली. कॅलिफोर्नियातील एल् कॅमिनो रुग्णालयात १९७१ पासून डॉक्टर प्रकाशलेखणी पडद्यावर टेकवून औषधांच्या आज्ञा देऊ लागले; ही व्यवस्था लॉकहीड या विमाने व क्षेपणास्त्रे बनवणाऱ्या कंपनीने विकसित केली होती.

इंडियानापोलिस येथील क्लेमेंट मॅकडॉनल्ड यांचा १९७६ मधील प्रयोग विशेष उल्लेखनीय आहे. संगणकाने रुग्णाच्या नोंदी तपासून ‘ही चाचणी करावयाची राहिली आहे’, अशी स्मरणपत्रे नऊ डॉक्टरांना दिली. स्मरणपत्र असताना डॉक्टरांनी ५१% प्रसंगी कृती केली, नसताना केवळ २२% प्रसंगी. स्मरणपत्रे बंद होताच त्यांचा परिणामही संपला. म्हणजे डॉक्टर त्यांपासून काही शिकले नव्हते. मॅकडॉनल्ड यांनी याचा दोष डॉक्टरांच्या अज्ञानाला दिला नाही. माणसाच्या अंगावर एका वेळी इतकी माहिती येते, की काहीतरी निसटणारच, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच उपायाने पुढे डॉक्टरांच्या डोक्यावरील भार वाढवावा, हा या इतिहासातील चमत्कारिक भाग होय. स्मरणपत्रे मोजकी होती तोवर ती वाचली गेली. शेकडो सूचना झळकू लागल्यावर त्या न वाचताच बंद करण्याची सवय लागली आणि त्यांतील एखादी महत्त्वाची सूचनाही त्याबरोबर जाऊ लागली.

माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील व्यवस्था वेगळ्या रीतीने वाढली. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथील काही डॉक्टर व आज्ञावलीकार यांनी वरिष्ठ कार्यालयाचा विरोध असताना जवळजवळ लपूनछपून छोट्या छोट्या आज्ञावली लिहिल्या व एकमेकांना वाटल्या. वापरणाराच शेजारी बसून ‘हे असे नको, तसे हवे’ म्हणत असल्याने त्या कामाला सोयीच्या ठरल्या. औषध देण्यापूर्वी रुग्णाच्या मनगटपट्टीवरील व औषधावरील रेषासंकेत जुळवून पाहण्याची कल्पना तेथीलच टोपीका शहरातील एका परिचारिकेला १९९२ मध्ये भाड्याची मोटार परत करताना सुचली. मोटारीची नोंद संकेत वाचून क्षणात होते, मग औषधाची का होऊ नये, असा तिचा साधा प्रश्न होता. या सर्व व्यवस्थेऐवजी खाजगी कंपनीची व्यवस्था घेण्याचा निर्णय शासनाने २०१७ मध्ये घेतला. २०२० पासून ती बसवण्यास प्रारंभ झाला. परंतु तक्रारींमुळे २०२३ मध्ये तिचा विस्तार थांबवावा लागला.

धोक्याच्या सूचना : संगणकामुळे चुका आपोआप घटतील, या समजुतीला एकविसाव्या शतकाच्या आरंभीच तडे गेले. लॉस अँजेल्समधील सीडर्स-सायनाय रुग्णालयाने २००२ मध्ये आणलेली आज्ञा-नोंदणी व्यवस्था डॉक्टरांच्या उघड असंतोषामुळे काही महिन्यांतच, २००३ च्या जानेवारीत, मागे घेतली. पिट्सबर्गच्या बालरुग्णालयासंबंधी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल अधिक गंभीर होता. इतर ठिकाणांहून तातडीने आणलेल्या बालकांतील मृत्यूंचे प्रमाण व्यवस्था येण्यापूर्वी २·८०% होते, ते नंतर ६·५७% झाले. पूर्वी रुग्णवाहिका वाटेत असतानाच औषधे तयार ठेवता येत. आता बालक दाखल होऊन त्याची नोंद झाल्याखेरीज संगणक आज्ञा स्वीकारीत नसे. शिवाय परिचारिका व डॉक्टर खाटेपाशी उभे राहण्याऐवजी पडद्यापाशी गुंतून पडत. सिॲटल येथील बालरुग्णालयाने तीच व्यवस्था वापरली. मात्र नेहमीच्या आज्ञांचे संच आधीच तयार करून ठेवले आणि तेथे मृत्यूंचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही. यंत्र एकच असूनही परिणाम भिन्न झाले, ही गोष्ट पुढील सर्व चर्चेत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सक्तीचा काळ : अ. सं. सं.च्या वैद्यक संस्थेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात रुग्णालयांतील चुकांमुळे वर्षाला ४४,००० ते ९८,००० माणसे मरण पावत असल्याचा अंदाज दिला होता व त्यामुळे संगणकीय नोंदींच्या मागणीला जोर चढला. २००९ च्या फेब्रुवारीत मंदीवर उपाय म्हणून झालेल्या कायद्यात या नोंदींसाठी अब्जावधी डॉलरांची तरतूद झाली. ‘अर्थपूर्ण वापर’ सिद्ध करणाऱ्या डॉक्टरला ४४,००० डॉलरपर्यंत अनुदान मिळे आणि तो न करणाऱ्याला २०१५ पासून दंड होई. किमान स्वरूपाची इलेक्ट्रॉनीय नोंद ठेवणारी सर्वसाधारण रुग्णालये २००८ मध्ये ९·४% होती. २०१५ मध्ये ती ८३·८% झाली. वैद्यकाच्या इतिहासात एखाद्या साधनाचा इतका शीघ्र प्रसार क्वचितच झाला असेल. परंतु वीस वर्षांत सावकाश सुधारत जावयाचे साधन सहा-सात वर्षांत सर्वत्र बसवले गेल्याने त्यातील खोड्याही तशाच सर्वत्र पसरल्या.

ब्रिटनमध्ये याच्या उलट अनुभव आला. तेथील कुटुंबवैद्यांच्या नोंदी १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यानंतर रूढ झालेल्या लहान पाकिटांत असत. लॉइड जॉर्ज यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पाकिटे अनेक दशके टिकली. या वैद्यांनी १९९० च्या सुमारापासून आपापल्या पसंतीचे संगणक घेतले व ते बऱ्याच अंशी रुळले. रुग्णालयांसाठी वरून लादलेली २००२ मधील राष्ट्रीय योजना मात्र प्रचंड खर्चानंतर २०११ मध्ये गुंडाळण्यात आली.

कार्यक्लांती : ‘बर्नआउट’ ही संज्ञा वैद्यकीय सेवकांच्या संदर्भात प्रथम न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर (१९२६–९९) यांनी १९७४ मध्ये वापरली. मोफत दवाखान्यात रात्री काम करणाऱ्या उत्साही स्वयंसेवकांचा उत्साह वर्षभरात कसा जळून जातो, हे त्यांनी स्वतःच्याही अनुभवावरून मांडले होते. क्रिस्टीना मॅस्लॅक यांनी १९८१ मध्ये तिचे मोजमाप करणारी प्रश्नावली तयार केली. भावनिक थकवा, समोरच्या माणसाकडे वस्तू म्हणून पाहण्याची वृत्ती आणि आपल्या हातून काही घडत नाही ही भावना, असे तिचे तीन घटक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कार्यक्लांतीची व्याख्या केली, तेव्हा ती आजार नसून कामाच्या ठिकाणाशी निगडित घटना आहे, असे स्पष्ट केले.

संगणकीय नोंदींशी तिचा संबंध वेळेच्या मोजणीतून पुढे आला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निरीक्षकांनी ५७ डॉक्टरांच्या शेजारी ४३० तास बसून घड्याळ लावले. दिवसाचा २७% वेळ रुग्णासमवेत आणि ४९% वेळ नोंदी व कागदपत्रे यांत जात होता. घरी गेल्यावर रात्री आणखी एक-दोन तास. या रात्रीच्या कामाला अमेरिकन डॉक्टरांनी ‘पजामा टाइम’ असे नाव दिले. विस्कॉन्सिन येथील १४२ कुटुंबवैद्यांच्या २०१७ मधील अभ्यासात ११·४ तासांच्या दिवसापैकी ५·९ तास नोंदव्यवस्थेत जात असल्याचे आढळले. तातडीच्या विभागातील डॉक्टर दहा तासांच्या पाळीत सुमारे ४,००० वेळा बटण दाबतो, अशीही एक मोजणी २०१३ मध्ये झाली. आकड्यांपेक्षा बोलके चित्र २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. सात वर्षांच्या मुलीने दवाखान्यातील भेटीचे रंगीत चित्र काढले होते. तिच्यासह घरची सारी माणसे त्यात आहेत आणि डॉक्टर त्यांच्याकडे पाठ करून संगणकाकडे तोंड करून बसला आहे.

या भाराचा सारा दोष यंत्राला देणे बरोबर होणार नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत, तीच व्यवस्था वापरणाऱ्या इतर देशांपेक्षा अमेरिकन डॉक्टरांची टिपणे जवळजवळ चौपट लांब असल्याचे दिसले. याचे मुख्य कारण देयकाच्या नियमांत सापडते. १९९५ व १९९७ च्या शासकीय नियमांनुसार डॉक्टरचे शुल्क त्याने इतिहासाचे किती मुद्दे विचारले व शरीराचे किती भाग तपासले, यांच्या मोजणीवर ठरे. त्यामुळे टिपणात मुद्दे भरण्याची चढाओढ लागली व कालचा मजकूर आज तसाच चिकटवण्याची सोय संगणकाने करून दिली. अशा टिपणात रुग्णाची आजची अवस्था शोधणे हे पुढच्या डॉक्टरला वेगळेच काम होऊन बसते. हे नियम बाह्यरुग्णांपुरते २०२१ मध्ये व रुग्णालयांसाठी २०२३ मध्ये बदलण्यात आले; पण पंचवीस वर्षांची सवय नियमाबरोबर जात नाही. त्यातच रुग्ण थेट संदेश पाठवू लागले आणि २०२० च्या महासाथीपासून या संदेशांची संख्या पूर्वीच्या सुमारे दीडपटीवर गेली. उत्तरे लिहिण्यासाठी वेगळा वेळ मात्र ठेवला गेला नाही.

अमेरिकन डॉक्टरांतील कार्यक्लांतीचे प्रमाण एका दीर्घ पाहणीत २०११ मध्ये ४५·५%, २०१४ मध्ये ५४·४%, २०१७ मध्ये ४३·९%, २०२० मध्ये ३८·२%, २०२१ मध्ये ६२·८% आणि २०२३ मध्ये ४५·२% असे आढळले. या सर्व काळात संगणक टेबलावरच होता. २०२१ ची उसळी महासाथीमुळे आलेली आहे, हे उघड आहे. नोंदव्यवस्था हे क्लांतीचे एक कारण आहे, एकमेव नव्हे.

उपाययोजना : डॉक्टरांना ध्यानधारणा व ताणनियंत्रण यांचे पाठ देण्यावर प्रथम भर होता. कामाची रचना तशीच ठेवून करणाऱ्यालाच अधिक सोशीक बनवण्याच्या या मार्गाविषयी डॉक्टरांनी नाराजी व्यक्त केली व ती रास्त होती. अधिक फलदायी ठरले ते साधे, स्थानिक प्रयत्न. हवाई बेटांतील हवाई पॅसिफिक हेल्थ या संस्थेत २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये डॉ. मेलिंडा ॲश्टन यांच्या पुढाकाराने ‘मूर्खपणाच्या गोष्टी काढून टाका’, अशा सरळ नावाची मोहीम सुरू झाली. नोंदव्यवस्थेतील जे जे निरर्थक वाटते ते कळवावे, असे सर्वांना सांगण्यात आले व वर्षभरात १८८ सूचना आल्या. नवजात बालकाची नाळ नीट असल्याची नोंद सर्व वयांच्या रुग्णांसाठी विचारली जात होती, असेही काही त्यांतून उघडकीस आले. परिचारिकांना दर तासाच्या फेरीनंतर एक नोंद करावी लागे. तिला २४ सेकंद लागत. ती वगळल्याने चार रुग्णालयांत मिळून महिन्याला सुमारे १,७०० परिचारिका-तास वाचले. ती नोंद मुळात कशासाठी होती, याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

कोलोरॅडो विद्यापीठाच्या रुग्णालयांनी अकरा जणांचे पथक दोन आठवडे एकेका विभागात पाठवण्याची पद्धत सुरू केली. पथकात डॉक्टर, परिचारिका, आज्ञावलीचे जाणकार व प्रशिक्षक असत. ते कामाच्या वेळी शेजारी बसून डॉक्टरला तयार वाक्यसंच, आज्ञासंच व लघुमार्ग शिकवीत आणि विभागाला हवे असलेले बदल तेथल्या तेथे करून देत. संदेशांची पहिली चाळणी परिचारिकेने करणे व नेहमीच्या औषधांची चिठ्ठी एकदम वर्षभराची लिहून देणे, यांनीही बराच वेळ वाचतो. लेखनिक ठेवण्याची प्रथा विशेषतः तातडीच्या विभागांत रूढ झाली. त्यामुळे डॉक्टरचे डोळे रुग्णाकडे वळले, पण एकाचे टंकन दुसऱ्याच्या अंगावर गेले.

२०२३ पासून संभाषण ऐकून टिपणाचा मसुदा तयार करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचा प्रसार झाला. कॅलिफोर्नियातील परमनंटे वैद्यकीय गटाच्या ३,४४२ डॉक्टरांनी पहिल्या दहा आठवड्यांतच तीन लाखांहून अधिक भेटींत त्यांचा वापर केला. डॉक्टरांचे समाधान वाढल्याचे अनेक ठिकाणी आढळले; वाचणाऱ्या वेळेबाबतचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. मसुद्यात न घडलेली तपासणी वा न बोललेले वाक्य कधी कधी शिरते, त्यामुळे तो वाचून दुरुस्त करण्याची जबाबदारी डॉक्टरवरच राहते.

भारतातील स्थिती : भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपणे आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत देणे आवश्यक ठरले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने इलेक्ट्रॉनीय नोंदींची मानके २०१३ मध्ये प्रसिद्ध केली व २०१६ मध्ये सुधारली. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशभर प्रारंभ होऊन प्रत्येक नागरिकाला चौदा अंकी आरोग्य क्रमांक घेण्याची सोय झाली.

येथील अडचण अमेरिकेहून वेगळी आहे. ६७ देशांतील प्राथमिक तपासणीच्या वेळेची तुलना २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत स्वीडनमध्ये भेट सरासरी २२·५ मिनिटांची, बांगला देशात ४८ सेकंदांची व भारतात सुमारे दोन मिनिटांची असल्याचे आढळले. दोन मिनिटांत रुग्णाचे ऐकणे, तपासणे आणि टंकलेखन ही तिन्ही कामे बसणे अशक्य आहे. म्हणून मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत संगणक प्रथम नोंदणीच्या खिडकीवर, पैशांच्या पावतीसाठी व प्रयोगशाळेच्या अहवालांसाठी आला. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये भ्रमणध्वनीने संकेतचौकट टिपून बाह्यरुग्ण नोंदणी करण्याची सोय सुरू झाली व नंतर ती इतरत्र पसरली. त्यामुळे रांगेतील वेळ कमी झाला. तथापि महाराष्ट्रासह देशाच्या पुष्कळ भागांत खिडकीवरून मिळालेल्या छापील कागदावर डॉक्टर अजून पेनानेच लिहितो आणि तो केसपेपर घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवणे व पुढच्या खेपेस आठवणीने घेऊन येणे, हे काम रुग्णाकडे किंवा त्याच्या घरच्यांकडे असते.